झोपून पाहणाऱ्या बाई

दोन वर्षांपूर्वी, संक्रांत होऊन गेल्यावरच्या पहिल्या रविवारी, दुपारी चारच्या सुमाराला, सिंगापुरात हौगांगमधल्या एका फ्लॅटमध्ये युनी नावाच्या बाईवर अन्याय झाला. मध्य जावातल्या एका गावातून ती इथे घरकामाला आली होती. रविवार तिच्या सुट्टीचा, तरी त्या रविवारी ती पाहुण्यांना तिळाच्या वड्या वाटत होती. अन्याय करणाऱ्या दोघीजणी होत्या. एक त्या घरची मालकीण. दुसरी मला अतिशय आवडते.

हे लिहिते आहे ते त्या दुसरीबद्दल.

त्या बेल्जियमच्या. आम्ही त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो. त्यांचं खरं नाव आईला कधी उच्चारता आलं नाही, आणि बाईंनीही फार आग्रह धरला नाही. "तिकडच्या पार्लमेंटात माझ्या नावाचे तीन उच्चार होते," त्या म्हणायच्या, "हा चौथा." वय सत्तरीपुढे, उंची दाराला टेकेल एवढी, केस स्वतःच कापलेले आणि ते स्वतःच कापलेत हे दुरून कळायचं. पायांत बाराही महिने लोकरीचे मोजे. सिंगापुरात! आई म्हणाली, "अहो, उकडत नाही का?" बाई म्हणाल्या, "उकडतं. पण सवय मोडली की विचार मोडतात." यात काय तर्क आहे ते मला आजवर कळलेलं नाही.

त्यांचा जावई जुरोंग आयलंडवर बाबांच्याच प्लँटमध्ये होता. मुलगी, जावई आणि नातवंडांसोबत त्या इथे येऊन राहिल्या होत्या. जावयाने एकदा त्यांना आमच्याकडे सेम्बावांगला जेवायला आणलं. आईने बटाटेवडे केले होते. बाई थेट स्वयंपाकघरात गेल्या, कढईत डोकावल्या आणि म्हणाल्या की बटाटा दोनदा तळायला हवा. एकदा मंद, मग थांबायचं, मग कडक. हा त्यांच्या देशाचा एकमेव मुद्दा, ज्यावर सगळे पक्ष एकत्र येतात. मी भाषांतर केलं. आई म्हणाली, "त्यांना सांग, वड्याला दोनदा तळलं तर तो वडा राहील का? त्यांच्या देशात सरकार टिकत नाही ते उगीच नाही." तेही मी भाषांतर केलं. बाई हसून हसून ओट्याला टेकल्या.

मग त्यांनी हात पुसले आणि विचारलं, "आता मला दाखवा, तुम्ही झोपता कुठे?"

बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण बाई गंभीर होत्या. आमच्या दोन्ही खोल्यांत गेल्या. पिशवीतून पांढऱ्या कापडाची घडी काढली. उशीचा अभ्रा होता, कडेला निळ्या दोऱ्याची नक्षी, धुऊन धुऊन विरलेला. तो माझ्या उशीवर पसरला, मोज्यांसकट आडव्या झाल्या आणि डोळे मिटले. पाच मिनिटांत घोरायला लागल्या. आम्ही तिघं दारात उभे. आई कुजबुजली, "वडे गार होतायत गं."

उठल्यावर म्हणाल्या, "चांगलं घर आहे. मला झोप लागली."

ही त्यांची तऱ्हा नव्हती, हा त्यांचा धंदा होता. उभं आयुष्य त्यांनी हेच केलं. सुरुवात एका लहान गावच्या नगरपालिकेत, मग देशाच्या पार्लमेंटात. कागदपत्रं नसलेल्या परदेशी माणसांना परत पाठवण्याआधी तिकडे जिथे कोंडून ठेवतात, तिथे खासदार आधी न कळवताही जाऊ शकतात. बाकीचे खासदार गेले की अधिकारी त्यांना वाचनालय दाखवायचे, स्वयंपाकघर दाखवायचे, सूप चाखायला द्यायचे. बाई म्हणायच्या, "सूप नको. पलंग दाखवा." आणि पलंगावर आडव्या व्हायच्या. दार लावून घ्यायला सांगायच्या. मग पार्लमेंटात उभ्या राहून एवढंच सांगायच्या, की मला झोप लागली, किंवा मला झोप लागली नाही.

"एवढंच?" मी विचारलं होतं.

"एवढंच. तिकडे पेपरवाले व्यंगचित्र काढायचे माझं, नाईटगाऊनमध्ये. पण मंत्र्याला उत्तर द्यावं लागायचं. मी आकडे सांगितले असते तर त्याने दुसरे आकडे सांगितले असते. झोपेला काय उत्तर देणार? 'नाही मॅडम, तुम्हाला लागली होती' म्हणणार?"

अभ्र्याचंही कारण होतं. दुसऱ्याच्या बिछान्यावर डोकं टेकायचं तर आपलं कापड अंथरावं. ती जागा त्या माणसाची आहे, तुरुंगातली असली तरी.

शेवटी पक्षाने त्यांना उमेदवारांच्या यादीत तळाला टाकलं. तिकडे पक्ष यादी लावतो आणि वरची नावं निवडून येतात. बाई तळातूनही निवडून आल्या, कारण लोकांनी खाली बोट नेऊन त्यांच्याच नावापुढे खूण केली. त्याच्या पुढच्या वेळी पडल्या. "पडले ते बरं झालं," म्हणायच्या, "आडवं व्हायची मला सवय आहेच."

आता माझं सांगते, थोडक्यात, कारण मी महत्त्वाची नाही. बाबा नागपूरकडचे. आम्ही बौद्ध. आमच्या घरात देव्हाऱ्याच्या जागी पुस्तकांचं कपाट आहे आणि मी अक्षरं शिकले ती जयंतीच्या पत्रकांवर. तीही अशी पत्रकं, की ज्यांत एका वाक्यात तीन उद्गारचिन्हं असतात. इथे मी घरकामगार बायकांसाठी चालणाऱ्या एका मदतकेंद्रात जाते, आणि इथल्या मराठी घरांसाठी पत्रकं लिहिते. लिहिते म्हणजे ओरडते. मला त्याची लाज नाही. ज्या गोष्टीवर ओरडायला हवं तिच्यावर हळू बोलणारी माणसं मला आवडत नाहीत.

बाई माझी पत्रकं इंग्रजीत करून घ्यायच्या आणि पेन्सिल घेऊन बसायच्या. 'अमानुष' खोडलं. 'निर्लज्ज' खोडलं. 'गुलामगिरी' खोडलं.

"बाई, अहो मग उरलं काय?"

"विशेषण लिहिलंस म्हणजे तू तिथे गेली नव्हतीस. गेली असतीस तर खिडकी कुठे आहे ते लिहिलं असतंस."

आम्ही कडाकडा भांडायचो. मी म्हणायचे, तुमच्या त्या थंड देशात चालत असेल, आमच्याकडे माणसाला राग आल्याशिवाय हलत नाही. त्या म्हणायच्या, "राग ठेव. पण तो वाचणाऱ्याला येऊ दे. तूच सगळा संपवून टाकतेस."

मदतकेंद्रात कुणीतरी त्यांना भाषण करा म्हणालं. बाईंनी हात जोडले. "मी इथे पाहुणी. पाहुण्याने इथे भाषणं करायची नसतात हे मला समजावून सांगितलंय. झोपायला मनाई नाही ना?" एकदा त्यांनी जुरोंग आयलंडवर कामगारांची विश्रांतीची जागा पाहायची ठरवलं. तिथे पासाशिवाय कुणी जात नाही, माणसं कंपनीच्या बसने जातात. सकाळी बाबांच्या बसथांब्यावर बाई हजर, अभ्रा घेऊन! बाबांनी मला फोन केला, आवाज अगदी बारीक. "बेटा, तुझ्या त्या बाईंना घेऊन जा गं. माझा पास जाईल." बसचा ड्रायव्हर म्हणाला, "आंटी, कॅनॉट लाह, नो पास." बाई त्याला म्हणाल्या, "ठीक. तू कुठे झोपतोस?" बस निघाली ती उशिरा, कारण तो सांगत बसला.

तर हळदीकुंकू.

आमच्या घरी ते नसतं. पण स्मिताकाकू ही आईची इथली पहिली मैत्रीण. आम्ही नवे आलो तेव्हा तिने आईला मार्केट दाखवलं, माझ्या शाळेसाठी धावाधाव केली. त्यामुळे आई दरवर्षी जाते, कुंकू लावून घेत नाही, तिळगूळ घेते, आणि कुणाचं काही बिघडत नाही. त्या वर्षी काकू म्हणाली, "तुमच्या त्या बेल्जियमच्या बाईंना आणा ना! आमच्या बायकांना पण बघू देत, खासदार कशी असते." रविवारीच, कारण बाकीचे दिवस सगळ्यांना ऑफिस.

दिवाणखान्यात काठपदराच्या साड्या, हलव्याचे दागिने, मोगऱ्याचा वास, एसी फुल्ल. युनी ट्रे घेऊन फिरत होती, डोक्याला रुमाल बांधलेला. काकू सगळ्यांना सांगत होती, "आमची युनी पुरणपोळी माझ्यापेक्षा चांगली करते हं! आज तिची सुट्टी, पण म्हटलं घरचं कार्य आहे, आणि ती काय, घरचीच आहे."

बाईंना कुंकू लागलं. बाईंनी युनीकडे बोट केलं. "आणि हिला?"

मग काकू हसली. "अगं हो की! ये गं युनी." तिलाही हळद लागली, कुंकू लागलं, वाण म्हणून स्टीलचा डबा दिला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले. तिथेच थांबलं असतं तर मीही टाळ्या वाजवून घरी आले असते.

बाईंनी विचारलं, "ही झोपते कुठे?"

मला कळलं आता काय होणार. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

इथल्या अलीकडच्या सरकारी फ्लॅट्समध्ये एक खोली असते, जिच्या भिंती जाड काँक्रीटच्या आणि दार लोखंडाचं. युद्ध झालंच तर घरच्यांनी तीत शिरायचं. बॉम्ब शेल्टर म्हणतात. युद्ध होत नाही, म्हणून लोक तिथे तांदूळ, सुटकेसा आणि बायका ठेवतात.

काकूने दाखवली. लपवली नाही, कारण लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. आत एक पातळ गादी, भिंतीला टेकलेलं गणपतीचं मखर, तांदळाची पोती, एक छोटा पंखा. खिडकी नाही. बाईंनी अभ्रा काढला, गादीवरच्या उशीवर पसरला आणि आडव्या झाल्या. पाय बाहेर राहिले म्हणून गुडघ्यात मुडपले. "दार लावा," म्हणाल्या. कुणी हलेना. मी लावलं.

बाहेर सगळ्याजणी हातात वाण घेऊन त्या लोखंडी दाराकडे बघत उभ्या. एक बाई म्हणाली, "बरं नाही का त्यांना?" काकूच्या सासूबाई म्हणाल्या, "झोप आली असेल, वय झालंय." आईने माझा दंड धरला होता, घट्ट.

दार उघडलं तेव्हा बाईंच्या गालावर घाम ओघळत होता आणि कुंकू नाकावर उतरलं होतं. त्यांनी अभ्र्याची घडी घातली आणि सगळ्यांसमोर, पार्लमेंटात सांगावं तसं सांगितलं.

"मला झोप लागली नाही."

काकूचा चेहरा पांढरा पडला. युनीचाही पडला असणार. पण युनीकडे कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूने युनीला तिच्या बॅगेसह एजंटच्या ऑफिसात सोडलं. 'नको मला ही, परत पाठवा.' इथे घरकामाचं परमिट मालकाच्या नावाला बांधलेलं असतं. मालकाने सोडलं आणि दुसऱ्या घरी जायला संमती दिली नाही, की विमान. युनीच्या घरी दोन मुलं शाळेत, नवरा आजारी. तिच्या पगारावर चार माणसं जेवत होती.

मी पत्रक लिहिलं. काकूचं नाव, ब्लॉक, मजला, सगळं. 'निर्लज्ज' तीनदा. ते घेऊन बाईंकडे गेले. बाई युनीला भेटायला निघाल्याच होत्या. दोघी गेलो.

एजंटच्या ऑफिसामागच्या खोलीत युनी पाय पोटाशी घेऊन बसली होती. बाईंना बघून उठली नाही. जे बोलली ते तिच्या इंग्रजीत, मी आपल्या भाषेत सांगते.

"आंटी, तुम्ही एकदा झोपलात. थोडा वेळ. मग उठलात. मी तिथे रोज झोपत होते, चाललं होतं ना माझं? मी तक्रार केली होती? तुम्ही मला विचारलंत?"

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"आणि ते कपाळावर लाल. मी मुसलमान, आंटी. सगळ्या मॅडम टाळ्या वाजवतात, मी पुसू कशी? तेही तुम्हीच सांगितलंत."

मी मध्ये बोलायला गेले, की अगं, त्यांनी तुझ्यासाठीच. बाईंनी हाताने थांबवलं. जमिनीवर बसल्या, युनीच्या समोर, त्या लांबलचक पायांची कशीबशी मांडी घालून.

"पार्लमेंटातल्या पहिल्याच वर्षी असं झालं होतं माझ्याकडून," म्हणाल्या. "मी आत झोपले, बाहेर येऊन बोलले आणि घरी गेले. ज्यांच्या पलंगावर झोपले होते त्यांना दुसऱ्या सकाळी विमानात बसवलं. तेव्हापासून नियम केला, की आधी त्या माणसाला विचारायचं आणि बोलल्यावर तिथून हलायचं नाही. इथे दोन्ही विसरले. म्हातारी झाले, पाहुणी झाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू सांग, आता मी काय करू?"

युनीने पाय मोकळे केले. मग म्हणाली, "मला परत जायचं नाही. मॅडमने सही केली तर मी दुसऱ्या घरी जाऊ शकते. आणि मॅडमचं नाव कुठे छापू नका. घरात मॅडमची छोटी मुलगी आहे. दुपारी ती माझ्याजवळच झोपते, त्याच खोलीत. ती वाचायला शिकतेय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस?"

ऐकलं. पत्रक फाडलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पूर्ण पटत नाही. ज्याने करायचं ते करावं आणि त्याचं नाव मात्र झाकलेलं राहावं, ही सोय जगात फार आहे. पण ते पत्रक युनीच्या नावाने निघणार होतं, आणि युनी नको म्हणाली.

त्याच दिवशी संध्याकाळी बाई हौगांगला गेल्या. त्यांना काकूची भाषा कळावी आणि काकूला त्यांची, म्हणून मी सोबत. काकूने दार उघडलं पण बाहेरची जाळी उघडली नाही. बाई कॉरिडॉरमध्येच उभ्या राहिल्या. शेजारची चिनी आजी कुंड्यांना पाणी घालायची थांबली.

"मी माफी मागायला आले," बाई म्हणाल्या. "तुमच्या घरी, तुमच्या पाहुण्यांसमोर तुमची लाज काढली. ते माझं काम नव्हतं."

काकूला हे अपेक्षित नव्हतं. तिने भांडणाची तयारी केली होती, ती तशीच बाहेर पडली, मराठीत, माझ्याकडे बघत. "सांग त्यांना! मी काय राक्षसीण आहे? तिला फोन दिला, पंखा दिला, आम्ही जेवतो तेच तिला देते. हे घर केवढंय, बघ की! सासूबाई, दोन मुलं. कुठे ठेवू तिला, डोक्यावर? सगळेच तिथेच ठेवतात. मलाच का?"

मी शब्दशः सांगितलं. 'सगळेच तिथेच ठेवतात' याच्यावर मला खूप काही बोलायचं होतं. जीभ चावून बसले.

बाई म्हणाल्या, "घर लहान आहे, खरं आहे. मी युनीसाठी तुमची सही मागायला आले, दुसऱ्या घरी जाण्यापुरती. सहीचा आणि माझ्या माफीचा संबंध नाही. सही दिली नाहीत तरी माफी मागितलेलीच आहे." मग पिशवीत हात घालून तो अभ्रा काढला आणि जाळीतून आत दिला.

"हे काय?"

"तुम्ही कधी झोपलाय तिथे?"

"मी कशाला झोपू?"

काकूने आमच्या तोंडावर दार लावलं. अभ्रा तिच्या हातातच राहिला. बाई कॉरिडॉरमध्ये खाली बसल्या, भिंतीला टेकून. नियम होता ना, हलायचं नाही. शेजारच्या आजीने घरातून प्लास्टिकचं स्टूल आणून दिलं आणि विचारलं, "आंटी, लॉक आऊट इज इट?" बाई म्हणाल्या, "थोडंसं." अंधार पडल्यावर त्यांची मुलगी येऊन ओरडली तेव्हाच त्या उठल्या, आणि सकाळी पुन्हा त्याच स्टुलावर.

तिसऱ्या दिवशी आईला काकूचा फोन आला. कसलं प्रास्ताविक नाही. "एजंटकडे जाऊन आले. ट्रान्सफरला सही दिलीय. त्या म्हातारीला म्हणावं आता घरी जा, सर्दी होईल." आणि फोन बंद.

संध्याकाळी काकूच्या नवऱ्याने आमच्या दाराला एक पिशवी अडकवून ठेवली. आत अभ्रा. धुतलेला, इस्त्री केलेला.

तो बाईंकडे नेला आणि म्हटलं, "तसाच परत केलाय हो. झोपली-बिपली काही नसेल."

बाईंनी तो नाकाशी नेला, साबणाचा वास घेतला. "दिला तेव्हा स्वच्छच होता," म्हणाल्या. "जे वापरलं नाही ते कुणी धुतं का?"

युनी आता सेम्बावांगलाच आहे, आमच्यापासून चालत जाण्याइतकी. खोलीला खिडकी आहे, रविवार तिचा आहे. भेटली की विचारते, "आंटी कशी आहे? अजून झोपते?" पूर्ण माफ केलंय असं मला वाटत नाही, आणि करावंच असंही नाही. काकूकडे नवी बाई आली आहे. ती कुठे झोपते मला माहीत नाही. यंदा आईसोबत जाईन तेव्हा आधी तिलाच विचारेन.

जावयाची बदली झाली आणि बाई परत गेल्या. विमानतळावर लोकरीचे मोजे, विस्कटलेले केस, आईने दिलेले चकल्यांचे डबे. अभ्रा माझ्या हातात ठेवला. "माझं डोकं आता फार ठिकाणी जाणार नाही. तुझं जाऊ दे. आणि ती विशेषणं..."

"खोडते, बाई."

"सगळी नको. एखादं राहू दे. त्यातच तू आहेस."

तर हे वाचणाऱ्या ताई, काकू, दादा. तुमच्या घरी कुणी कामाला राहत असेल, सिंगापुरात, पुण्यात, दुबईत, कुठेही, तर आज तिला आधी विचारा, "तुझ्या अंथरुणावर जरा पडू का?" ती हो म्हणाली तर आपला अभ्रा घ्या, तिच्या उशीवर पसरा, पंखा जसा आहे तसाच ठेवा आणि दार लावून घ्या. फोन बाहेर ठेवा.

झोप लागली नाही, तर मला सांगायला येऊ नका. तिची जागा बदला. आजच बदला.